नातू श्वास विसरतो

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काल दुपारी केरेनला मुलगा झाला — सातव्या महिन्यातच. सूनबाईला धड पाहताही आलं नाही. उचलून थेट काचेच्या पेटीत. आमच्या जोनाथनने फोनवर इतक्या हळू सांगितलं की मी दोनदा विचारलं — काय झालं रे?

आज पाच मिनिटं आत सोडलं. मुठीएवढी छाती. दर श्वासाला बारीक सूर — हुं... हुं... अगदी लयीत. मला आमचा तिसरीचा वर्ग आठवला. मांडीवर पाट्या, खिडकीतून खाडीचा वारा, आणि सगळे एका चालीत कविता म्हणतायत. बाहेर येऊन बायकोला, मझलला म्हटलं, ‘‘पोरगं गुणगुणतंय गं. चाल पक्की आहे त्याची.’’ ती हसली.

मागे डॉक्टर अंकिता उभ्या होत्या. ‘‘काका, गुणगुणत नाहीये तो. कण्हतोय. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून श्वास आत अडवून धरतोय. दमेल अशाने.’’

घरी येईपर्यंत मझल रिक्षातून बाहेरच बघत राहिली.

बुधवार, ५

फुप्फुसांना आतून एक लेप असतो म्हणे. आईच्या पोटात शेवटी शेवटी तयार होतो. याला तेवढी सवड मिळाली नाही. नळीने तेच औषध आत सोडलं. नाकात नळ्या, हवा शेवटी पाण्याच्या बाटलीत बुडबुडत सुटते. दिवसभर बुडबुडे ऐकले. कशाचीही चाल आठवली नाही.

रविवार, ९

मधेच श्वास घ्यायचाच विसरतो! वेणू सिस्टर तळपायाला टिचकी मारते — ‘‘ए राजा, विसरलास ना? घे, घे.’’ घेतो. मझल म्हणाली, ‘‘विसरभोळेपणात तुमच्यावरच गेलाय.’’ किती दिवसांनी नीट बोलली.

सोमवार, १०

आठवा दिवस. आमच्यात आज सुंता व्हायची, आजच नाव. सिनेगॉगमधून इसाजी आले. ‘‘जीव आधी. बाळ सुधारू दे, मग बघू. देव कुठे पळून चाललाय?’’ केरेनला बरं वाटलं.

मंगळवार, ११

फुप्फुस फाटलं. हवा छातीत साठली. बरगडीपाशी एक नळी, घशात दुसरी. छाती हलते ती मशीनमुळे. जोनाथन म्हणाला, ‘‘पप्पा, आता काही म्हणू नका.’’ मी काही म्हणत नव्हतो. ओठ हलत असतील.

बुधवार, १२

केरेनने त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. नळ्या काढल्यावर.

गुरुवार, १३

आमच्यात बिननावाचं मूल पुरत नाहीत. इसाजींनी कबरीपाशीच सुंतेचा विधी केला, मग नावासाठी थांबले. जोनाथनला बोलवेना. सगळे माझ्याकडे बघू लागले.

इतक्या कविता पाठ, आणि तोंडात एकच नाव आलं — हाईम. म्हणजे आयुष्य. आमच्याकडे आजारी माणसाला हे नाव ठेवतात. जगावा म्हणून.