वाळूतल्या पाटल्या

शनिवार, ७ नोव्हें. १९६४. दुबई

काल उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर पिकनिक. चहा झाल्यावर हमीदाने सुरमई कापायला घेतली. त्याआधी पाटल्या काढल्या, रुमालात गाठ मारून चुलीच्या उजव्या अंगाला वाळूत पुरल्या. नेहमी असंच करते, माशाचे हात सोन्याला नकोत म्हणून. जेवणं झाली, भांडी झाली. पाटल्या नाहीत. ती, मी आणि मेहुणा अय्यूब, तिघांनी सूर्य मावळेपर्यंत हातांनी वाळू उपसली.

तिच्या अम्मांच्या पाटल्या. रमजान ईदनंतर रत्नागिरीला आमच्या लेकीचा, शाहीनचा निकाह, तेव्हा तिच्या हातात घालायच्या म्हणून जपलेल्या. डिसेंबरच्या बोटीने हमीदा निघणार.

परतताना अय्यूब: "आपा, दुबईत सोन्याला काय तोटा? नव्या घडवू."
"सोनं मिळेल रे. अम्मांच्या हातातलं कुठून आणशील?"


मंगळ. १०

ऑफिसच्या कामाने शारजा. भंगारवाल्याकडे लष्करी लिलावातून आलेला माईन डिटेक्टर दिसला. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती, खांद्याला बॅटरीची पेटी, कानांना हेडफोन. घेऊन टाकला. सुरुंग शोधतो तर पाटल्या का नाही? घरी येईपर्यंत हा युक्तिवाद तितकासा पक्का वाटेना.

हमीदाला किंमत सांगितली. ती एवढंच म्हणाली, "चालतो का?"

गुरु. १२

अंगणात सराव. हमीदा खलबत्ता, डाव, कुलूप पुरते, मी शोधतो. कानात सतत बारीक गुणगुण, धातू आला की सूर चढतो. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून न्यायची, झाडू मारल्यासारखी, पण सावकाश. घाई केली की खलास. खलबत्ता तिसऱ्या फेरीत सापडला, डाव त्यानंतर. कुलूप काही केल्या मिळेना. ते तिने पुरलंच नव्हतं.
"परीक्षा घेतली तुमची."
पिकनिकनंतर पहिल्यांदा हसली.

शुक्र. १३

उम्म अल कुवैनला आधी शेखांच्या किल्ल्यावर गेलो. जमीन आपली नाही, विचारलेलं बरं. पहारेकरी यंत्राकडे बघत: "ऑइल?" नाही, बायकोच्या बांगड्या. खूप हसला, मग गंभीर झाला. "तुझं ते तुझं. दुसऱ्याचं मिळालं तर इथे येऊन सांग. यल्ला, जा आता."

ओल्या वाळूत यंत्र उगाच ओरडतं, खाऱ्या पाण्यामुळे असावं. हे कळण्यात सकाळ गेली. चुलीचे दगड होते तिथेच होते. भोवताली दोरी ताणून पट्ट्यापट्ट्याने पाहिलं. नुसते खिळे. दर वेळी सूर चढतो, मी खणतो, खिळा. गावातले चौघे दुपारभर उभे, तेल कधी लागणार विचारत. अय्यूब: "भावजी, लागलं तर मला मॅनेजर करा."

हे मी हमीदासाठी करतोय, की यंत्र घेतलं ते चुकलं नाही हे दाखवायला? प्रामाणिक उत्तर: दोन्ही.

सोम. १६

थैलीतले खिळे फेकून देण्याआधी कागदावर ओतले. बहुतेक गंजून फुगलेले. मूठभर मात्र वेगळे. काळे, कोरडे, राख चिकटलेली. जळलेले खिळे. त्या दिवशी आम्ही मोडक्या लाँचच्या फळ्या जाळल्या होत्या, खिळ्यांसकट. पण हे चुलीजवळचे नाहीत, चुलीतले मी वेचलेच नव्हते. झुडपांच्या बाजूला, बरेच लांब, सगळे एका जागी लागले होते, आणि मी वैतागून तिथून पुढे सरकलो होतो.

अय्यूबला ऑफिसात गाठलं. चूल हलवली होतीस?
"हलवली म्हणजे? वारा फिरला. धूर तुमच्याच डोळ्यांत जात होता. आपा मासे धुवायला पाण्यावर गेली होती. दगड उचलून पलीकडे मांडले, जुन्या राखेवर वाळू लोटली."
"मग बोलला का नाहीस?"
"चुलीचं कोणी विचारलं? सगळे पाटल्यांचं विचारत होते."

मीही चटई उचलून सरकलो होतो. आता लख्ख आठवतंय. इतकं शिकून...

हमीदाला सांगावं? आशा धरेल आणि पाटल्या मिळाल्या नाहीत तर? न सांगणंही बरं नव्हे. सांगितलं. तिने तवा खाली उतरवला आणि खाली बसली. "इन्शाल्ला," म्हणाली. बस.

शुक्र. २०

सापडल्या.

घाई न करता नीट लिहितो. झुडपांकडची जागा काढली. आधी जळके खिळे एकेक वेचले, ते असेपर्यंत दुसरं काही ऐकूच येत नाही. खाली काळी राख लागली. मग उजव्या अंगाला चकती नेली. सूर चढला, आणि चढलेलाच राहिला. खिळ्यासारखा टोचून गेला नाही. गोल, भरलेला सूर. मी खणलं नाही. हेडफोन काढून हमीदाच्या कानांना लावला. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यांवर बसून स्वतः वाळू उपसली.

रुमाल. गाठ तशीच. तिने ती दातांनी सोडली. पाटल्या हातात चढवल्या, क्षणभर पाहिल्या, लगेच उतरवल्या. "शाहीनच्या आहेत."

अय्यूब गावाकडे पळाला, "ऑइल, ऑइल" ओरडत. खरंच माणसं जमली. पहारेकऱ्याने खजूर आणला. रोजा सोडताना लागावा तसा तो खजूर लागला. आयुष्यात इतका सरळ आनंद मला क्वचित झाला असेल. त्याला कुठे काही खोट आहे का, आज शोधणार नाही.

शुक्र. २७

आता गरज नसताना गेलो. हमीदा म्हणाली, "जा, नाहीतर यंत्र घरातच फिरवाल." झुडपांपलीकडे, कोपरापर्यंत खोल, चांदीचं पैंजण. एकच. लहान मुलीच्या पायातलं. हरखलो. मग मनात आलं, कोणीतरी हातांनी हीच वाळू उपसली असेल, आणि मी हरखतोय.

किल्ल्यावर सांगितलं. मशिदीत पुकारा झाला. इमाम म्हणाले, वर्षभर विचारत राहायचं, तोवर ते तुमचं नाही. बरोबर आहे. तरी घरी आणताना खिशावर हात होता.

गुरु. ३ डिसें.

पहारेकऱ्याचा निरोप ट्रकवाल्याबरोबर आला. एक म्हातारी म्हणते पैंजण तिच्या घरातलं, जोडीचं दुसरं तिच्यापाशी आहे. उद्या किल्ल्यावर येईल. मी म्हटलं, दुसरं घेऊन यायला सांगतो, खात्री होईल.

हमीदा ट्रंक भरत होती. "आधी ते मागू नका. कसं हरवलं, ते विचारा."
"आणि खोटं सांगितलं तर?"
"ऐका तर खरं."

यंत्र गाडीत ठेवलंय, तिचं आणखी काही हरवलं असेल तर. पैंजण धुतलेलं नाही. घुंगरांत अडकलेली वाळूही तशीच राहू दिली आहे.