ताटाखालचा खवला

प्रिय विहीणबाई यानाबाई,

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्हाला मराठी येत नाही, आणि भाषांतर करणारी माझी लेक ख्रिसमसपासून माझा फोन उचलत नाही.

तुम्ही चेक लोकही घरात शिरताना पायताण काढता, हे बघून वाटलं, आपलीच माणसं! बाकी काही शिकायची गरजच वाटली नाही. मग तुमच्या घरी ख्रिसमसच्या जेवणाला ताटाखाली माशाचा खवला दिसला. आम्ही पट्टीचे मासेखाऊ, मी काय समजायचं? "ईशू, तुझ्या सासूला टेबल पुसता येत नाही का गं?" म्हणत सगळ्यांचे खवले गोळा करून मी कचऱ्यात टाकले.

"आई, दॅट्स फॉर लक! वर्षभर पाकिटात ठेवतात!" ईशानी ओरडली. तुम्ही नुसत्या हसलात.

आज इथे दुबईशेजारच्या अजमानच्या मासळीबाजारात पर्स उघडली, तर आतल्या कप्प्यात टिशूत गुंडाळलेला एक खवला, धुतलेला, चकचकीत. विमानतळावर मिठी मारताना तुम्हीच सरकवला असणार.

मासेवाल्याला म्हटलं, "हबीबी, छिलका मत फेकना."

ईशानीला पर्समधल्या खवल्याचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, "सासूला घेऊन दुबईला ये. टेबल मी पुसते, ताटांखाली खवले तू ठेव."

उत्तराची वाट बघतेय.

तुमची तोंडाळ विहीण,
छाया