ठाण्याच्या आजीचा समुद्र

कोपर, डोंबिवली पश्चिम
(आज शनिवार, म्हणजे शिवानी ठाण्याला)

चि. सहदेव यास गोदाताईचे आशीर्वाद.

तू, भावना आणि देवबागची सगळी मंडळी खुशाल असाल. तुझा गुडघा कसा आहे? माझा तसाच आहे, म्हणजे तुझाही तसाच असणार, आपल्या घराण्यात गुडघे सगळ्यांना सारखेच वाटलेत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात इकडे बोललेलं तिकडे सुनेला ऐकू जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर आपली नात शिवानी आता आठ वर्षांची झाली आहे आणि अभ्यासाचं पुस्तक सोडून माझ्या फोनमधलं सगळं वाचते. म्हणून पोस्टाने पाठवते आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

तर सांगायचं म्हणजे, मी जळते. विमलाबाईंवर जळते. आपल्या सुनेची, स्वप्नाची आई, माझ्या विहीणबाई. बाई कराडकडच्या, जन्माच्या शाकाहारी, समोरच्या फुटपाथवर सुका जवळा दिसला तरी इकडे नाकाला पदर. पण गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळून महिनाभर घरी बसल्या आणि टीव्हीवर समुद्राचे कार्यक्रम बघत सुटल्या. तेव्हापासून शिवानी दर शनिवार-रविवार ठाण्याला जाते आणि डोक्यात समुद्र भरून परत येते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. त्याचं रक्त निळं असतं. समुद्रघोड्यांत पिल्लं बाप पोटात वाढवतो (यावरून तिने जेवताना आपल्या बाबाला, मितेशला, विचारलं की मग मला तू का नाही वाढवलंस, तर तो ताक आणायला उठला तो परत आलाच नाही). आणि मी कोण? मी देवबागची. एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, मध्ये आपलं घर. पण पिकतं तिथे विकत नाही. सोमवार ते शुक्रवार वेण्या मी घालायच्या, डबा मी भरायचा, ताप आला तर जागायचं मी, आणि "ठाण्याच्या आजीला सगळं माहितीये" हे ऐकायचंही मीच. अंगाचा तिळपापड होतो रे.

एकदा तिने मलाही संधी दिली, नाही असं नाही. विचारलं, आजी, स्क्विडला, म्हणजे आपल्या माकुलाला, किती हृदयं असतात? आता मी आयुष्यात माकूल काय कमी साफ केले? पण मोजायला कोण बसलंय. मी म्हटलं, असतील तेवढी असतील, साफ करताना सगळंच निघून जातं. पोरगी जी रडायला लागली ती झोपेपर्यंत. बांगड्याचं तिखलं तसंच राहिलं. (म्हणजे मी आणि मितेशने खाल्लं, पण स्वयंपाकघराचं दार लावून.)

मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, विमलाबाईंचे मासे काचेच्या मागे, माझे हाताला लागणारे. शाळेला सुट्टी होती, तिला थेट मासळी बाजारात नेलं. सुरमई, हलवा, घोळ, बोंबील, मी नावं अशी धडाधड सांगत गेले की दोन बायका आपली खरेदी सोडून ऐकत उभ्या राहिल्या. शिवानीनेही ऐकून घेतलं, आणि मग एकेका पाटीसमोर उभी राहून हात जोडायला लागली. पापलेटला सॉरी म्हणाली. रावसाला सॉरी म्हणाली. रावस घ्यायला आलेले गृहस्थ ओशाळून कोथिंबीर घेऊन गेले. माझी नेहमीची मासेवाली म्हणाली, "हिला घरा ने गो बाय, नाय तं आज मनाच तुलशीची माल घालावी लागंल."

पण शेवटच्या टोपलीत कुर्ल्या होत्या (इथे चिंबोऱ्या म्हणतात), जिवंत, दोऱ्याने बांधलेल्या, डोळे हलवत. शिवानीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सहदेव, अशी ती ठाण्याला कोणाकडे बघत नसेल. मी अख्खी टोपली घेतली (किंमत विचारू नकोस) आणि रिक्षा मोठागावच्या खाडीकडे वळवली. रिक्षावाल्याला वाटलं घरी पाहुणे आहेत, त्याने रश्शाला खोबरं भाजून घेता का म्हणून विचारलं, आणि मी सवयीने अख्खी कृती सांगितली. शिवानी खाडी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

खाडीवर पहिल्या कुर्लीचा दोरा सोडला तसं तिने नांगीत माझं बोट धरलं. मी बोंब मारली. शिवानी म्हणते, "आजी, हलू नको ना, ती घाबरलीये." आणि माझ्याच फोनवरून ठाण्याला व्हिडिओ कॉल. विमलाबाई चहाचा कप खाली न ठेवता म्हणाल्या की ती खाडीतलीच आहे, चिखलाला टेकवा, आपण होऊन सोडेल. सोडलं. टोपली माझी, पैसे माझे, बोट माझं, आणि पोरीची पापी फोनच्या काचेला. घरी येऊन शिवानीने सगळ्यांना सांगितलं की ठाण्याच्या आजीने चिंबोऱ्या वाचवल्या. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. भावनाला म्हणावं, कोकमाचं आगळ संपलं आहे. जपून राहा.

तुझी,
गोदाताई

ता. क. मे महिन्यात मी आणि शिवानी येतो आहोत. तेवढे दिवस घरात मासे नकोत, सुकेसुद्धा माळ्यावर टाक. आणि विमलाबाईही येताहेत. त्यांच्याशिवाय शिवानी निघायला तयार नाही.

आणखी एक. परवा बाईंनी बोटाची चौकशी करायला फोन केला. मग आवाज खाली आणून विचारलं, "गोदाताई, लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ते खरं का हो?" बाईंनी समुद्र फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलाय. पाय कधी घातलेला नाही. शिवानीनेही नाही घातला, देवबागला ती अजून आलेलीच नाही आणि जुहूला तिला कोणी बूट काढू दिले नाहीत. म्हणजे ती वाळू पहिल्यांदा सरकणार ती त्या दोघींच्या पायांखाली एकदम, आणि मी बाजूला चपला सांभाळत उभी. माझं पहिल्यांदाचं कधीच होऊन गेलं, आता मला आठवतही नाही. तेव्हा पहिल्या संध्याकाळी भावनाने विमलाबाईंना चहाला अर्धा तास अडकवून ठेवावं, तेवढ्यात मी पोरीला पाण्यावर नेऊन आणते.

शेवटचं. भावनाला ते चहाचं काही सांगू नकोस. येऊ देत विमलाबाईंनाही पाण्यावर. नवख्या माणसाचा तोल जातो, म्हणून शिवानीला मध्ये घेऊ, एक हात त्यांच्या हातात, एक माझ्या. फक्त माझा हात जास्त घट्ट धरायचा, एवढं तू शिवानीच्या कानात सांग. मी सांगितलं म्हणू नकोस.