आलुबुखाराचा चोथा

द्रेनोवा, १४ ऑक्टोबर

ति. स्व. वुकाशिनदादास,
तिहोमिरचा सा. न. वि. वि.

दादा, सांडपाण्याच्या टाकीतले माझे सगळे जंतू मेले. तू हसशील. गाव तर मला जंतूंचा धनगरच म्हणतं. पण गावाची घाण खाऊन पाणी स्वच्छ करतात ते तेच. राकियाची दारू गाळून उरलेला आलुबुखाराचा चोथा कोणीतरी घमेलीच्या घमेली गटारात ओतला. तो कुजताना टाकीतली हवा संपते आणि जंतू गुदमरतात. आता काळं पाणी नदीत जातंय. खाली मासे उलटे तरंगताहेत.

मी खालपासून एकेक झाकण उचलत, साली बघत वर आलो. शेवटचं झाकण आपल्याच फाटकापुढचं निघालं. आईला विचारलं, तर म्हणाली, डुकरं विकल्यावर चोथा कोणाच्या मढ्यावर घालू? तुझे ते जंतू घाण मिटक्या मारत खातात, मग गोड खायला काय धाड भरली?

चोथा ओतेल त्याची भट्टी जप्त, हा नियम पंचायतीकडून मीच हट्टानं करून घेतला. सोमवारी नाव द्यायचंय. न दिलं तर दोष माझ्यावर येऊन नोकरी जाईल. पण बाबांची तांब्याची भट्टी माझ्या हातानं कशी देऊ? तू सांगशील तसं करीन.

वहिनीला नमस्कार. आहे तो लोभ आटू नये, एवढंच मागणं.

तुझा धाकटा,
तिहोमिर

क्रागुयेवात्स, १७ ऑक्टोबर

चि. तिहोमिरास अनेक आशीर्वाद.

रडतोस काय? आईचं नाव पंचायतीत गेलं तर मी तोंड कुठे दाखवू? टाकीत हवा सोडायचं यंत्र चालू करायला विसरलो, असं लिहून दे. एका दिवसाच्या विसरासाठी कोणी फासावर चढवत नाही. सरपंच माझ्या लग्नात नाचलेला माणूस आहे. मी त्याच्याशी बोलतो, तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही. आईसाठी एवढं खोटं बोललास तर देवही रागावायचा नाही.

वहिनी विचारते, वासानं पोरी अजून पळतात का रे? प्रकृतीस जप.

तुझा,
वुकाशिन

द्रेनोवा, ३ नोव्हेंबर

ति. स्व. दादास सा. न. वि. वि.

लिहून दिलं. सरपंचानं ते भर सभेत वाचलं आणि मला काढून टाकलं. टाकीशेजारची खोलीही गेली. सध्या वाळूच्या खाणीवर राहतो.

लोकांच्या शिव्यांचं काही वाटलं नाही. पण आई पुढच्याच बाकावर होती. तिनं मान हलवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, हा लहानपणापासून असाच वेंधळा. दादा, ते ऐकवलं नाही रे. तू सरपंचाशी बोललास का? माझ्या जागी कोण येणार, तेही कोणी सांगत नाही.

लोभ असेल तर दोन ओळी पाठव.

तिहोमिर

क्रागुयेवात्स, १६ नोव्हेंबर

चि. तिहोमिरास अनेक आशीर्वाद.

बोललो होतो. सरपंच म्हणाला, लेखी कबुली आल्यावर तुला ठेवता येत नाही; पण जागा घराबाहेर जाऊ देत नाही. म्हणून माझा मेहुणा नेबोय्शा रुजू झालाय. नोकरी घरातच राहिली, तुला आनंद व्हायला हवा. फक्त त्याच्या हातून जंतू जगत नाहीत. लोक उठायच्या आत सकाळी जाऊन त्याला शिकव. बिचाऱ्याला त्या टाकीची किळस येते.

२१ तारखेला आईकडे घरच्या संताचा सण आहे. ये, पण पाहुणे जेवून गेल्यावर ये. ज्यांचे मासे मेले तेही पंगतीला असणार, उगाच शोभा नको.

आणि आईपुढे चोथ्याचा विषय काढू नकोस. गावाला सांगून सांगून तिला आता खरंच वाटतं की चूक तुझीच होती. रविवारी चर्चमध्ये तिनं तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. म्हणाली, पोटचा गोळा आहे, मी त्याला माफ केलंय.

घर तुझंच आहे, परकेपणा मानू नकोस.

तुझा,
वुकाशिन