बार्लोच्या केसांतलं लाल पान

बॉस्टन, ऑक्टोबर

लाडक्या कोरास, दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत. बार्लो रोज फिरायला जातो. मी सातव्या मजल्याच्या खिडकीतून त्याची शेपटी बघतो. माझ्या खुब्याचं हाड मोडल्यापासून ब्रेंडाचं एकच, "बाबा, तुम्ही कुत्र्याला फिरवणार की कुत्रा तुम्हाला?" लेक प्रेमानंच बोलते, आणि दाराची किल्लीही प्रेमानंच स्वतःकडे ठेवते.

काल ती त्याला सफरचंदाच्या बागेत घेऊन गेली. परतल्यावर त्याच्या केसांतून मी एक लाल पान काढलं, नाकाशी धरलं, आणि आपल्या गावचा सगळा डोंगर खोलीत आला गं! शाळेतली पानगळीची कविता त्याला म्हणून दाखवली, पण दुसऱ्या कडव्याला अडलो. तुला आठवतं का? तुझे गुडघे कसे आहेत?

"मला घरी कधी नेतेस?" असं ब्रेंडाला विचारलं. म्हणाली, "पानं गळून जाऊ देत, मग बघू."

म्हणून सांगतो, अंगणातल्या मेपलखालची पानं यंदा झाडू नकोस. वर बर्फ पडलं तरी ढीग तसाच राहू दे. बार्लोला त्यात उडी मारायची आहे. मी नुसता शेजारी उभा राहीन.

तुझा खिडकीतला दादा,
एल्डन