दातांच्या डॉक्टरांची पाटी

प्रिय ठमे,

दातांच्या डॉक्टरांची पाटी आपल्याला खरी कितीला पडली, ते आधी सांगतो. अॅक्रिलिकचे दोन तुकडे वाया गेले, एक धडधाकट माउस मी रागाच्या भरात बदलला, आणि संध्याकाळभर तुझी आई माझ्याशी बोलली नाही. वर डॉक्टरांचा टोमणा फुकटात: लोकांचे दात सरळ करतो मी, आणि माझ्याच पाटीचा दात वाकडा! मधलं एक अक्षर ओळीतून केसभर खाली उतरलं होतं. कापायच्या यंत्राला काय, दिलं तसं कापलं.

गेले काही महिने हेच चाललंय. आई पडद्यावर ओळ लावते आणि कापून आल्यावर एखादं अक्षर घसरलेलं असतं. तू आणि तुझे जगभरचे दोस्त मिळून चित्रं काढायच्या कोडची जी लायब्ररी फुकट वाटता, जिच्यावर आईचा प्रोग्राम चालतो, तिला मी फोनवर फुकटची म्हणालो. बापाला तेवढी सवलत असते. पण तू न चिडता समजावलंस, ते डोक्यात राहिलं. माउसचं बटण दाबून जागच्या जागी सोडलं तर ती टिचकी, अक्षर नुसतं निवडलं जातं. सोडायच्या आत माउस ठिपकाभर जरी हलला तरी ती ओढ, अक्षर त्याच्यामागे सरकतं. बाबा, लायब्ररी बरोबर आहे, हात हलतोय, असं म्हणालीस. मी म्हटलं, हात हलायला तुझी आई काय नवशिकी आहे?

दुकान माझ्या जिभेवर उभं राहिलं असं मी गिऱ्हाइकांना सांगतो, पण तुला ठाऊक आहे. शिडी मी धरायचो, पाट्या रंगवायची ती. पट्टी न लावता ओढलेली तिची ओळ बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. माझ्याकडे कान तेवढे. जिन्यावरच्या पावलांवरून मी ओळखतो, येणारा घासाघीस करणार की नाही. मधल्या भिंतीतून नुसती टकटक ऐकून सांगायचो, आईने आत्ता अक्षर निवडलं की सरकवलं. तू पैजा लावून हरायचीस.

काल यंत्र बंद ठेवलं होतं, म्हणून चहा घेऊन आत गेलो. तिची पाठ माझ्याकडे. उजव्या हातात माउस, आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. तिने श्वास रोखला, बटण दाबलं, अक्षर घसरलं. जागेवर आणलं, पुन्हा दाबलं, पुन्हा घसरलं. मी तसाच मागे फिरलो आणि पाय आपटत परत आलो. तोवर दोन्ही हात मांडीवर. म्हणाली, तुमच्या या नव्या माउसातही काही दम नाही हो. मी म्हटलं, हल्ली माल तसलाच येतो. दमलोय ग मी, ठमे. तीही दमली असणार, माझ्यापासून लपवून लपवून.

तिला डॉक्टरकडे न्यायचं माझ्याकडे लागलं, गोडीगुलाबीने नेईन. तू एवढंच कर. चार-पाच ठिपके हललं तरी ती टिचकीच धरायची, असं त्या लायब्ररीत घाल. फक्त आपल्या दुकानापुरतं नको, लगेच ओळखेल ती. सगळ्या जगासाठी कर. दोस्तांनी कारण विचारलं तर माझ्या नावावर खपव, म्हणावं बाप म्हातारा झालाय, हात धड राहत नाही. पडद्यासमोरची ती खुर्ची तिच्याकडून जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण भिंत पातळ आहे.

रात्री तिचा स्वेटर घडी करायला घेतला. उजव्या बाहीचा काठ मुठीत धरून धरून पार विरलाय. इतकं विरायला महिने लागतात, ठमे, आणि भिंतीच्या अलीकडे बसून मला काहीच ऐकू आलं नाही.

तुझाच,
बाबा