शोभाच्या कॉमिकमधला कोरा फुगा

६ जाने., मंगळ.
शोभाला जाऊन दीड महिना. आज जयूने आईचं कपाट उघडलं. साड्यांखाली आलेखाच्या कागदांचा गठ्ठा. पूर्वी ती घरी बसून साड्यांचे बुट्टे कागदावर उतरवून द्यायची, तेव्हाचा असेल वाटलं. जयू खाली बसली ती उठेना. "पप्पा, हे कॉमिक आहे. मम्मीने काढलंय." एकोणतीस पानं. मला माहीत नव्हतं.

७ जाने.
सचिन वसाहतीतल्या कारखान्यातून आल्यावर वाचलं. एक बाई. मनाने वस्तू हलवते. जयू म्हणाली, याला टेलिकिनेसिस म्हणतात. तिच्या लहानपणी भाड्याने कॉमिक्स आणायचो, त्यात असले नायक पुष्कळ. शोभा म्हणायची, "मेले बसगाड्या उचलतात. दूध उतू जातंय तर गॅस बंद करायला एकाला सुचत नाही."
हिची बाई गॅसच बंद करते. नवऱ्यापुढे चहा सरकवते, चष्मा हाताशी आणते, त्याच्यामागे दार लावते. नवरा पेपर वाचतो. एकाही पानावर मान वर नाही. त्याच्या खिशाला टेस्टर आहे. लूमचा मास्टर मी, मागांची दुरुस्ती करतो; माझ्याही असतो.

९ जाने.
शेवटचं पान पुन्हा पाहिलं. बाईचे पाय जमिनीपासून वीतभर वर. गॅलरीचं दार उघडं. आपल्याकडे पाठ. नवऱ्याच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा, कोरा. पुढे काही नाही.
शोभा घर सोडून जाणार होती का, एवढंच मला कळायला हवं.

११ जाने., रवि.
खालच्या मजल्यावर लूमचं खातं, छोटा कारखाना. यंत्रं चालू असली की फळीवरचे पेले आपोआप सरकतात. वीस वर्षं पाहतोय. आज खातं बंद. दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर एक पेला अगदी कडेला. मागे घेतला नाही. समोर स्टूल टाकून बसलो, साडेचारपर्यंत. हलला नाही.
"शोभा" म्हटलं. मोठ्याने. घरात कुणी नव्हतं म्हणून.

१४ जाने.
गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा. आम्हाला यंदा सण नाही. बारडोलीहून मेव्हणी आली. पानं बघून रडली, मग माझ्यावर आली. "दाजी, तुमले समदं आयतंच लागे. ती म्हणे, मी काय करस ते त्यासले दिसतच नही."
विचारलं, ती घर सोडणार होती का?
"ते तुम्ही तिले इचारानं व्हतं."
जेवली नाही. चहा घेऊन गेली.

१६ जाने.
जयू पर्वत पाटिया भागात साड्यांची डिझाइनं करते, कॉम्प्युटरवर. तिच्या मैत्रिणीचा छापखाना आहे. मम्मीचं नाव घालून पुस्तक काढायचं म्हणते. "पण फुगा कोरा नाही चालणार, लोकांना वाटेल छापायचं राहिलं. तुम्हीच भरा ने, पप्पा. तो नवरा तुम्हीच आहात." हसत म्हणाली. मग हसली नाही.
सोमवारी पानं द्यायची आहेत.

१७ जाने.
आठवलं. दिवाळीच्या आधी. मी जेवत होतो. तिने ताटाशेजारी कागद ठेवला, "इथे काय लिहू हो?" गॅसचा किंवा बँकेचा फॉर्म असेल वाटलं. न बघता म्हटलं, "राहू दे कोरं." तिने कागद उचलला.
म्हणजे फुगा राहून गेलेला नाही. माझंच उत्तर आहे ते.
जयूला सांगितलं नाही. सांगता येईल असं...

१८ जाने., रवि.
सकाळपासून पेन्सिल घेऊन. 'थांब' लिहिलं, खोडलं. हुकूम वाटला. 'जेवलीस का' लिहिलं, खोडलं. कागद तिथे पातळ झाला आहे.
निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, काम फिसकटतं, असं आमची आई सांगायची. मी आयुष्यभर पाळलं. शोभा चपला घालून "येते" म्हणायची, मी हं म्हणायचो.
आज लिहिलं, 'कुठे निघालीस?' अक्षर वाकडं आलं. असू दे.
मग लक्षात आलं, तिला उत्तर द्यायला जागा नाही. पट्टी घेतली. शेजारी एक चौकट आखली, तिच्या चौकटींच्याच मापाची.
जयूचा फोन. "झालं का, पप्पा?"
"माझं झालं."
पान टेबलावर आहे, चौकट कोरी, शेजारी पेन्सिल. पंखा बंद केला आहे.